गादीतली रिकामी जागा

"बसा ना," मी पुन्हा म्हटलं.

"नाई मॅडम, उभाच बरा आहो."

माझ्या दुकानात माणूस उभा राहिला की मला तो माझा अपमान वाटतो. हिंगणघाटात माझं टू-व्हीलर सीटचं वर्कशॉप आहे. आल्यागेल्यासाठी ठेवलेली खुर्ची मी स्वतः बनवलेली आहे, आणि तालुक्यात तिच्यापेक्षा चांगली खुर्ची कुणाकडे असेल तर मला ती बघायची आहे. पण हा गृहस्थ तिच्या पाठीवर हात टेकून उभा होता आणि मधूनमधून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता. बगलेत ऑनलाइन मागवलेली जेलची गादी होती. बाहेर त्याची मोटरसायकल उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळलेलं, दुधाच्या कॅनसारखं एक भांडं होतं.

ते भांडं बघूनच तो काय काम करतो ते मला कळलं. त्याचं नाव प्रशांत झाडे. आसपासच्या गावांत लोक त्याला 'डॉक्टर' म्हणतात, पण तो डॉक्टर नाही. तो गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतो. त्या भांड्यात द्रवरूप नायट्रोजन असतो, भयंकर थंड. चांगल्या जातीच्या वळूचं वीर्य बारीक नळ्यांत भरून त्यात गोठवून ठेवलेलं असतं. गाय माजावर आली की शेतकरी फोन करतो आणि हा निघतो. माज काही तासांचाच असतो. तेवढ्यात पोहोचलं नाही तर गाय रिकामी जाते आणि पुढचे तीन आठवडे वाट बघावी लागते. म्हणजे याचं सगळं काम वेळेवर पोहोचण्यावर, आणि पोहोचणं मोटरसायकलवर. आपल्याकडचे पांदण रस्ते मी तुम्हाला सांगायला नकोत.

"कुठे दुखतं?" मी विचारलं.

त्याने जरा संकोचून मागे, कमरेच्या खाली हात नेला. माकडहाड. पाठीचा कणा खाली संपतो तिथलं टोक.

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं ना. एक्स-रे काहाडला. हाड तुटलं-फुटलं नाई म्हणे, सूज आहे. गाडी बंद करा म्हणे दोन महिने."

"मग?"

"मंग का? गाई थांबतीन का दोन महिने?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो ज्या दूध संकलन केंद्राशी जोडलेला होता, त्याच्या अध्यक्षांचा फोन. हात अडकलेले म्हणून त्याने स्पीकर लावून फोन माझ्या काउंटरवर ठेवला, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"झाडे, कुठी आहे तू?"

"सीटवालीकडं आहो साहेब."

"अरे, काल पुन्हा एक गाय रिकामी गेली. मालक येऊन बसला माह्याजवळ. मी लोकाईले का सांगू?"

"दुखणं आहे साहेब. जरासं थांबा."

"थांबतो ना बाप्पा. हा महिना थांबतो. पण पुढच्या महिन्यात मले पक्का माणूस पाह्यजे. नाई जमलं तं दुसरा पाहा लागते. राग नको धरजो."

"नाई साहेब."

"सीटवाली नाही, इंजिनियर," मी फोनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. पलीकडून फोन बंद झाला.

मी खरंच इंजिनियर आहे. पुण्याकडे एका कारखान्यात वीसेक वर्षं काढली. मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांना तिथून सीट जायच्या. माझं काम टेस्टिंगचं. आमच्याकडे एक लाकडी बूड होतं. हसू नका, प्रत्येक सीटच्या कारखान्यात ते असतं. माणसाच्या बैठकीच्या आकाराचा ठोकळा मशीनला लावलेला असतो आणि तो दिवसभर नव्या सीटवर उठबस करतो. मग फोम किती बसला ते मोजायचं. लग्नकार्यात नातेवाईक विचारायचे, वर्षा, तू नक्की करतेस काय गं तिथे? मी सांगायची, दुसऱ्याच्या बुडाची काळजी. नवऱ्याची बदली इकडे झाली तेव्हा नोकरी सोडली आणि हे वर्कशॉप टाकलं. पाटी लावली तेव्हा लोकांना वाटलं सीट कव्हर शिवते. अजूनही निम्म्यांना तसंच वाटतं.

"नाही जमलं तर दुसरं काय कराल?" मी प्रशांतला विचारलं.

"साळा म्हणते, गुरांच्या ढेपेच्या दुकानात काउंटरवर ये." तो जरासा हसला. "तिथीबी बसाचंच आहे." मग हसू गेलं. "पंधरा वर्षं झाली मॅडम हे काम करून राह्यलो. गावात शिरलो का लोक कालवड दाखवाले आणते. म्हणते, पाह्य डॉक्टर, तुही आहे. ते सोडून ढेप मोजू का मी?"

मला हा माणूस आवडला. मी जेलची गादी हातात घेतली.

दुकानात गादी घेताना सगळे एकच करतात. अंगठ्याने दाबतात. मऊ लागली की खूश. पण आपण अंगठ्यावर बसत नाही. बसल्यावर आपला भार मांसावर नसतो, बैठकीतल्या दोन हाडांवर असतो. गादी फार मऊ असली तर ती हाडं फोम दाबत दाबत थेट तळाला टेकतात. आमच्या धंद्यात याला 'बॉटम आउट' म्हणतात. मग खड्डा आला की सगळा दणका सरळ कण्यात जातो. वर चार बोटं जेल असो की लोणी असो, तुम्ही पत्र्यावरच बसलेले असता. ही गादी तशीच होती.

"मऊ आहे ना पण," प्रशांत म्हणाला.

"म्हणूनच दुखतं," मी म्हटलं.

आधी माप घेतलं. त्याची पद्धत साधी आहे. खोक्याचा नालीदार पुठ्ठा लाकडी बाकावर ठेवायचा आणि माणसाला त्यावर थोडं पुढे झुकून बसवायचं. दात-ओठ खात तो बसला आणि लगेच उठला. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले, त्या दोन हाडांचे. मी ते खडूने गोल केले. या दोन खळग्यांनी भार उचलायचा, आणि त्यांच्या मागे, मधोमध, जिथे माकडहाड येतं, तिथे कशाचाही स्पर्श व्हायला नको. गादीला तिथे खालून खाच ठेवायची. म्हणजे रिकामी जागा. आणि माझं सगळं काम त्या रिकाम्या जागेत असतं.

पण नुसतं माप घेऊन भागत नाही. मी त्याला म्हटलं, गाडी चालवून दाखवा, मी मागून येते. माझ्या स्कूटीवरून मी त्याच्या मागे बायपासपर्यंत गेले. बघण्यासारखं होतं. प्रत्येक ब्रेकरला तो टाकीकडे घसरायचा आणि हातांनी हँडल रेटून पुन्हा मागे सरकायचा. त्याच्या गाडीची सीट पुढे उतरती आहे. हल्ली बऱ्याच गाड्यांच्या असतात, दिसायला झोकदार वाटतात म्हणून. मागे भांडं घट्ट बांधलेलं, त्यामुळे आणखी मागे जायला जागा नाही. म्हणजे हा माणूस दिवसभर घसरगुंडीवर होता, आणि प्रत्येक वेळी मागे सरकताना माकडहाड घासत होता. दुखणार नाही तर काय होईल?

तेव्हा मी गादी पुढे जाड आणि मागे पातळ ठरवली, म्हणजे उतार मोडून बैठक सपाट होईल. पण पुढे जाडी वाढली की माणूस उंच बसतो आणि पाय जमिनीला पोहोचत नाहीत. प्रशांत काही उंच नाही, आणि मागे भरलेलं भांडं असताना चिखलात पाय टेकले नाहीत तर गाडी आडवी. म्हणून पुढचं टोक मांड्यांच्या बाजूने निमुळतं कापलं. तळाला टणक फोम घातला, फोमचेच तुकडे दाबून चिकटवलेला असतो तो. त्यावर एचआर फोम. हा दाबला की तितक्याच हट्टाने परत वर येतो, पुण्याला लाकडी बूड थकायचं पण हा नाही. खाली सीटवरून सरकू नये म्हणून रबरी जाळी, बाजूला बकलच्या पट्ट्या. वर हवा खेळेल असं जाळीचं कापड. आणि मागे मधोमध ती खाच, वरून कापडाने झाकलेली, खालून उघडी. गादी तयार झाल्यावर ती माझ्याच गाडीवर टाकून मी गावाबाहेर एक चक्कर मारून आले. मला ती पुढून जाड लागली, पण ती माझ्यासाठी नव्हतीच.

गादी न्यायला तो वडिलांना घेऊन आला. मारोतराव झाडे. ताठ म्हातारा, पांढरं धोतर-सदरा, डोक्यावर टोपी. सगळा जन्म जिनिंगमध्ये गेला. हिंगणघाटात हे काही नवल नाही, इथे प्रत्येक घरात एकतरी माणूस जिनिंगचा निघतोच. तिथे कापसातून सरकी वेगळी काढतात, उरते ती रुई, आणि रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. मारोतराव त्या प्रेसवर होते.

त्यांनी गादी हातात घेतली. अंगठ्याने दाबली. उलटी केली. खाचेत बोट घातलं आणि आतून सगळीकडे फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, भरलं बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर, काकाजी."

"पुरं भरलं?"

"पुरं."

खाच बघून ते गप्प झाले, तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याला कारागिरी कळली. मी खूश होते. प्रशांत गाडीवर बसला, जरा हलून-डुलून बघितलं आणि म्हणाला, "लागतच नाई ना बाप्पा कुठी." मी त्याला डॉक्टरांची औषधं चालू ठेवायला सांगितलं आणि दर गावाला उतरल्यावर थोडं चालायला सांगितलं. गादी काही जादू नसते.

नंतर त्याचे फोन यायचे. एकदा सेलूकडून आला, सासुरवाडीला चाललोय म्हणाला, गाडीने. एकदा कुठल्याशा गोठ्यातून, मागे गाय हंबरत होती. "मॅडम, आज सगळे कॉल केले." त्याचा आवाज मोकळा झाला होता. असे फोन आले की माझ्या कामाला हुरूप येतो. मी घरी नवऱ्यालाही ते ऐकवलं, आणि त्याला पुन्हा एकदा सांगितलं की सीट कव्हर आणि सीट यांत फरक असतो.

मग फोन बंद झाले. मी म्हटलं, बरा झाला असेल. बरा झालेला माणूस दुकानदाराला फोन करत नाही.

महिना संपत आला होता तेव्हा तो आला. ऑटोने. गादी बगलेत. चेहरा असा की मी बसा म्हटलंच नाही.

"पंधरा दिवस सोनं होतं मॅडम," तो म्हणाला, "मंग पुन्हा चालू झालं. आता पयल्यापेक्षा जास्त. आज अध्यक्ष साहेबाचा फोन आलता. उद्या येतो म्हणून सांगितलं, भांडं वापस कराले." त्याने गादी काउंटरवर ठेवली. आदळली नाही, ठेवली. आदळली असती तर मला बरं वाटलं असतं. "तुमचा दोष नाई. माह्यं नशीबच तसं आहे. गादी तेवढी ठेवून घ्या."

मी खरं सांगते, मला राग आला. त्याच्यावर नाही, गादीवर. तो फोम मी वर्षानुवर्षं मशीनवर मरेपर्यंत दाबलेला आहे. तो पंधरा दिवसांत बसणं शक्यच नव्हतं. मी गादीवर मूठ दाबली आणि काढली. खळगा तसाच राहिला. मी पुन्हा दाबली. मग गादी उचलली, तर ती जड होती.

"पाण्यात पडली होती का?"

"नाई ना."

मी ती उजेडात नेली आणि कडेची शिवण बघितली. माझी शिवण मशीनची, काळा नायलॉनचा दोरा. ही हातशिवण होती, पांढऱ्या जाड सुती दोऱ्याची, गाद्यांना टाके घालतात त्या दोऱ्याची. टाके मात्र एकसारखे, कुणालाही नाव ठेवता येणार नाही असे.

"ही शिवण माझी नाही," मी म्हटलं.

"मंग कोणाची?"

मी कात्रीने चार टाके उसवले आणि बोट आत घातलं. बाहेर आली ती रुई. पांढरीशुभ्र, लांब धाग्याची, छान पिंजलेली. पण आतमध्ये ती थापून घट्ट झालेली होती. मी मागच्या बाजूला हात नेला. माझी खाच नव्हती. तिथेही रुई ठासलेली होती, उलट तिथेच सगळ्यात जास्त. जिथे कशाचाही स्पर्श व्हायला नको होता, तिथे एक घट्ट गोळा बरोबर माकडहाडाला टेकून बसला होता.

प्रशांतने रुई बोटांत घेतली, थोडी ताणून बघितली. हिंगणघाटचा माणूस रुई हातात आली की आधी ती ताणून बघतो.

"बाबा," तो म्हणाला.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही ऑटोने त्याच्या घरी गेलो. जिनिंगच्या मागच्या वस्तीत घर आहे. मारोतराव ओट्यावर बसले होते. कशावर बसले होते? माझ्या फोमवर. दोन्ही थर, खाचेसकट, जुन्या चादरीच्या खोळीत घातलेले. मी लांबूनच आकार ओळखला.

"बाबा," प्रशांत फाटकातूनच ओरडला, "काऊन केलं असं?"

"आता मी का केलं?"

"गादी उसवली तुम्ही. मले सांगितलंबी नाई."

मारोतरावांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्यांना लाज वाटलेली नव्हती. उलट, बरं झालं विषय निघाला, असा चेहरा होता.

"बाई, तुम्ही पोराचं भलं केलं, मी नाई म्हणत नाई," ते म्हणाले. "पण गादी तुम्ही पुरी भरली नव्हती. मधात एवढी जागा खाली सोडली होती. मी तुमाले दुकानात विचारलं, तुम्ही म्हणे पुरं भरलं. आमच्या इथं गाठीत पोकळ निघाली तं व्यापारी गाठ वापस करते. त्याले चोरी म्हणते."

म्हणजे त्या दिवशी दुकानात म्हाताऱ्याला कारागिरी कळली नव्हती. त्यांनी मला चोर समजलं होतं, आणि सभ्य माणूस म्हणून तोंडावर बोलले नव्हते.

"मग आम्हाला परत का नाही दिली?" मी विचारलं. "बदलून मागायची."

"भांडण कायले कराचं बाईमाणसाशी? घरी रुई होती. मी भरून टाकली." ते जरा थांबले. मग प्रशांतकडे न बघता म्हणाले, "हे पोरगं उभ्यानं जेवत होतं. माय नाई त्याची, बायको बाळंतपणाले माहेरी गेली, मीच वाढतो त्याले. दोन महिने मी त्याले उभ्यानं जेवताना पाह्यलं. मंग तुमची गादी आली तं ते बसून जेवाले लागलं. मले वाटलं, अर्धी भरून एवढा फरक पडला, पुरी भरली तं पुरा बरा होईन. मी का डॉक्टर आहो? मले रुई समजते. तेवढीच मी त्याले देऊ शकत होतो."

प्रशांत ओट्याच्या खांबाला हात लावून उभा राहिला. मलाही वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण उद्या सकाळी भांडं परत जाणार होतं, आणि भावना फोममध्ये भरता येत नाही.

"काकाजी," मी म्हटलं, "एक विचारू? प्रेसमध्ये रुई घालताना किती उंच असते?"

"पेटी भरून. माणसाएवढी. वरून पाय देऊन दाबा लागते."

"आणि दाबून झाल्यावर?"

"कमरेएवढी." त्यांचा हात आपोआप कमरेजवळ गेला.

"मग पट्टी तोडली की पुन्हा माणसाएवढी होते?"

"नाई. फुलते थोडीशी, पण तेवढी नाई."

"पुन्हा तेवढी करायची तर?"

"पिंजा लागते. पिंजल्याबिगर रुई उठत नाई. दबली तं दबली."

"आणि पाऊस-घाम लागला तर?"

"मंग तं दगड होते." मारोतराव हे सगळं मला शिकवल्यासारखं सांगत होते. मी त्यांना सांगू दिलं.

"प्रशांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडीवर असतो," मी म्हटलं. "प्रत्येक खड्ड्याला त्याचं पूर्ण वजन रुईवर पडतं. घामाने ओली. रोज. तुमची प्रेस एकदा दाबायची. हा दिवसभर दाबतो. ती गादी रोज संध्याकाळी कोण पिंजणार होतं?"

त्यांनी गादी मागायला हात पुढे केला.

मी उसवलेली गादी त्यांच्या मांडीवर ठेवली. "हात घालून बघा."

त्यांनी हात घातला. ज्या हातांनी सगळा जन्म प्रेसवर काढला, त्या हातांना सांगावं लागलं नाही. बोटं आत गेली, थांबली, आणि मागे त्या गोळ्यावर जाऊन पुन्हा थांबली.

"गाठ झाली," ते हळूच म्हणाले.

"हो."

"पोराच्या खाली मीच गाठ बांधली."

"बाबा, राहू द्या ना आता," प्रशांत म्हणाला. त्याचा राग कधीच गेला होता.

"राहू काऊन द्या?" म्हातारा एकदम उठला. त्यांनी बुडाखालचा फोम काढला, चादर झटकली आणि तो माझ्या हातात दिला. मी मुठीने दाबला. लगेच वर आला. त्यांनीही दाबला. पुन्हा दाबला. मग खाचेत बोट घातलं, तसंच, दुकानात घातलं होतं तसं.

"ही जागा खालीच ठेवाची?"

"खालीच. तिच्यासाठीच बाकीची गादी आहे."

"खालीच," ते म्हणाले आणि आत जाऊन सुई-दोरा घेऊन आले. मी म्हटलं, दुकानात मशीनवर मारते. त्यांनी ऐकलं नाही. स्वतःची शिवण स्वतः उसवली, रुई काढून एका फडक्यात बांधली, फोम घातला आणि ओट्यावर बसून सगळी कड पुन्हा शिवली. मी फक्त फोम कुठे कसा बसवायचा ते सांगत होते. एकदा त्यांचा हात सवयीने रुईच्या फडक्याकडे गेला. मी बघितलं. त्यांनी हात परत घेतला.

"आता आलाच आहे विषय तं सांगतो," शिवता शिवता ते म्हणाले, "तुमचं हे वरचं जाळीचं कापड इथल्या कामाचं नाई. काळी माती बसते त्याच्यात. मांजरपाटाची खोळ शिवाची, काढ-घालाची. रोज धुवा."

त्या जाळीत माती बसते हे मलाही दिसलेलं होतं. मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवशी प्रशांत भांडं घेऊन अध्यक्षांकडे गेला, परत करायला नाही, भरून आणायला. त्याने तोंडावर सांगितलं, आठ दिवस बघा, नाही जमलं तर मीच येऊन ठेवतो. ते आठ दिवस मी स्वतःही शांत नव्हते. माकडहाडाची सूज पुन्हा वाढलेली होती, आणि फोम कितीही चांगला असला तरी सूज फोमचं ऐकत नाही. तो औषधं घेत होता, गावागावांत उतरून चालत होता, आणि संध्याकाळी मारोतराव गादी काढून तपासत होते. म्हणजे अंगठ्याने नाही. मुठीने.

आठवडा झाल्यावर अध्यक्ष साहेबांचा फोन आला, मला.

"इंजिनियर मॅडम का?"

"बोला."

"झाड्याचं काम रांगेवर आलं. आमचे दूध गोळा करणारे पोरं आहे ना, त्यायलेबी गाद्या पाह्यजे. पण एक विचारू? झाडे म्हणे गादीत मधात जागा खाली असते. भाव पुऱ्या गादीचा अन् जागा खाली, असं काऊन?"

"मारोतरावांना विचारा," मी म्हटलं. "ते तुम्हाला समजावून सांगतील."

त्यांनी खरंच विचारलं, आणि म्हाताऱ्याने त्यांना तासभर समजावलं असं मला प्रशांतकडून कळलं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. गादी देताना मी ती गिऱ्हाइकाला नाही, त्याच्या घरच्यांना उलटी करून दाखवते. कारण गादीवर बसणारा एक असतो आणि त्याची काळजी करणारे चार, आणि चौघांपैकी कुणाच्या तरी हाताला सुई चांगली येत असते. दुसरं, प्रत्येक गादीच्या खाली, खाचेच्या बाजूला, न पुसणाऱ्या पेनाने लिहिते : 'ही जागा मुद्दाम रिकामी आहे. भरू नये.' पुण्याच्या कारखान्यात मी इतक्या टेस्ट लिहिल्या, पण प्रेमाने गादी उसवणाऱ्या माणसाची टेस्ट त्यात कुठेच नव्हती. गाद्यांवर आता मांजरपाटाच्या खोळी असतात. त्या कुणाच्या सांगण्यावरून, ते मी पाटीवर लिहिलेलं नाही.

परवा दोघं आले होते. गादीचं बकल तुटलं होतं तेवढंच काम. मी चहा मागवला. प्रशांत फोनवर बोलत बोलत आत आला, कुणाची तरी म्हैस होती, आणि बोलता बोलताच खुर्चीवर बसला. बघून नाही, चाचपून नाही, नुसता बसला. चहा आला, संपला, तरी तो बसलेलाच.

मारोतराव मात्र उभे होते. मी म्हटलं, काकाजी, दुसरी खुर्ची देते. ते नको म्हणाले. त्यांची नजर प्रशांतच्या खुर्चीखाली होती. ती उलटी करून आतलं भरण बघायचं होतं त्यांना, मला कळत होतं. पण पोरगं बसलेलं होतं, म्हणून ते थांबले होते.